साडेबारा मिलिमीटर

ज्या टेबलाचा सांगाडा मी स्वतः वेल्डिंग करून दिला, त्या टेबलामागे बसलेले कारखानदार संघटनेचे सन्माननीय अध्यक्ष. माझ्या हातच्या चार पायऱ्या चढून व्यासपीठावर आलेल्या, तंत्रशाळेच्या मुख्याध्यापिका आणि आजच्या प्रमुख पाहुण्या. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते माझे मेहुणे, म्हणजे तुम्हा सगळ्यांचे मामा. पहिल्या रांगेत बसलेली माझी पत्नी. कारखान्यातले सहकारी, दुकानदार मंडळी, आणि मागच्या भिंतीशी उभे असलेले ते तीन गृहस्थ, ज्यांना मी ओळखत नाही. आपणा सर्वांना नमस्कार.

तुम्ही म्हणाल, हा माणूस नमस्कार करता करता पायऱ्या काय मोजतोय? सवय आहे. आता सुरुवात केलीच आहे तर पुरतं सांगतो. या सभागृहाचं मागचं दार आवाज न करता मिटतं, ती स्प्रिंग माझी. हा माइकचा स्टँड पूर्वी दर भाषणाला कलंडायचा, त्याला साडेचार किलोचं बूड मी बसवलं. खिडक्यांचे आठही अडसर माझे. बाहेर छत्र्या ठेवायची मांडणी माझी, तिची खालची तबकडी पाणी गळायला एका अंगाला तीन मिलिमीटर उतरती आहे, ते कुणाच्या लक्षात येत नाही. आणि इथल्या बहुतेकांच्या स्वयंपाकघरात, फळीच्या पोटाशी दोन स्क्रूंवर बसलेली झाकणउघडणी. घट्ट झाकणाची बरणी तिच्या दातांत सारायची, बरणीला एक पीळ द्यायचा, झाकण मोकळं. तीही माझी.

यातलं काहीही मी शाळेत शिकलो नाही. पाहुण्या बाईंनी रागावू नये. सातवीनंतर शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात दोन मतं आहेत. मिलिमीटरचे दशांश मोजणारा व्हर्निअर कसा वाचायचा हे मी एक जुना व्हर्निअर विकत घेऊन, आधीच माहीत असलेल्या वस्तू मोजून मोजून शिकलो. मोठेपणा मिरवायला सांगतोय का? थोडा मोठेपणा आहेच. पण आज ज्या गोष्टीबद्दल बोलायला मी उभा आहे तीही अशीच, अथपासून इतिपर्यंत माझ्या हातची. मामांवर गेली तीन वर्षं जो संशय आहे, तो मी बनवला.

निम्म्या सभागृहाला हे ठाऊक आहे. उरलेल्या निम्म्यासाठी सांगतो. मामा उद्यापासून आमच्याकडे नाहीत. ते स्वतःचं छोटं काम सुरू करतायत. त्यासाठी त्यांना एक पोलादी साचा कोरून हवा आहे, आणि तसा साचा कोरणारा या भागात एकच माणूस आहे. तिसऱ्या रांगेत, डावीकडून दुसरे. आमचे डायवाले. मामा महिन्यापूर्वी त्यांच्याकडे गेले तेव्हा डायवाले म्हणाले, "ज्यानं बहिणीच्या नवऱ्याच्या उघडणीचा नकाशा बाहेर दिला, त्याचं काम मी कशाला घेऊ? उद्या माझेही नकाशे जातील."

मान खाली घालू नका, डायवाले. तुम्हाला हे मीच सांगितलं होतं. तेव्हा मामांचं काम सुरू होणार की दारातच अडणार, हे आज मी इथे काय बोलतो त्यावर आहे. म्हणून जरा सविस्तर बोलतो. अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिलं ते मी पाहिलं. थोडं सांभाळून घ्या.

मघाशी प्रमुख पाहुण्या फार सुंदर बोलल्या. कल्पना वीज चमकावी तशी सुचते, म्हणाल्या. सुचत असेल. मला अचानक सुचलेल्या गोष्टींचा भरवसा वाटत नाही. कुणी सांगू लागलं की मला एकदम सुचलं, की मी विचारतो, तेव्हा खोलीत आणखी कोण कोण होतं?

माझ्या वेळी खोलीत माझी पत्नी होती. अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तिच्या बोटांचे सांधे नुकतेच सुजू लागले होते. एका सकाळी मी कामावर निघालो होतो आणि ती बरणी घेऊन दारापाशी उभी.

"अहो, दार तेवढं ओढून धरा."

"दाराला काय झालं?"

"दाराला काही झालं नाही. माझ्या बोटांना झालंय."

बिजागरीच्या बाजूला दार आणि चौकट यांच्यामध्ये जी फट असते ना, तिच्यात तिनं बरणीचं झाकण सारलं होतं. मी दार ओढून धरायचं आणि तिनं दोन्ही तळव्यांनी बरणी फिरवायची, असा बेत. मी म्हटलं, "अगं, बिजागरी वाकेल."

ती म्हणाली, "बिजागरी वाकली तर तुम्ही सरळ कराल. माझी बोटं कोण सरळ करणार?"

झाकण निघालं. दाराचा रंगही निघाला, अर्ध्या चंद्रासारखा. मी त्या फटीकडे बघत राहिलो. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. झाकण कितीही मोठं असो, कुठेतरी अडकणारच. सुचलं म्हणतात ते एवढंच. पण नीट बघा हं, फट दाराची आणि बेत बायकोचा. मी फक्त बघत होतो. ही गोष्ट मी वेगवेगळ्या व्यासपीठांवरून निदान वीस वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी त्यात बरणी माझ्या हातात होती.

सुचायला एक सकाळ लागली. वस्तू व्हायला सात महिने लागले, सगळे रविवार धरून. पहिल्या नमुन्यानं झाकणाचे दात पाडले, म्हणजे पत्र्याचं झाकण पार चिरून टाकलं. दुसरा निसटायचा. तिसऱ्यानं फळीच उखडून खाली आणली, वरच्या सगळ्या डब्यांसकट. मी शेजाऱ्यांकडून झाकणं गोळा केली. चौसष्ट झाकणं. प्रत्येकाचा व्यास आणि कडेची उंची वहीत लिहिली. शेजारी विचारायचे, "एवढी झाकणं कशाला हो?" मी म्हणायचो, "लागतात." सांगायचं कशाला? आज विचारतो तो उद्या बनवतो, असा माझा तेव्हापासूनचा स्वभाव.

मामा तेव्हा छापखान्यात कामाला होते. रविवारी बहिणीला भेटायला यायचे, आणि बहिणीशी बोलायचं सोडून मी पत्रा कापत असलो की दुसरं टोक धरून बसायचे. बोलणं कमी. तिसाव्या नमुन्याला एकदाच म्हणाले, "भाऊजी, दात सरळ ठेवण्यापेक्षा एका अंगाला झुकवले तर?"

मी म्हटलं, "तू टोक नीट धर."

आणि पुढच्या रविवारी झुकवले. निसटणं थांबलं. आता हिशेब करा. बेत बायकोचा, झुकाव मेहुण्याचा. मग माझं काय? माझं माप. दोन पट्ट्यांमधला कोन सतरा अंश, दाताची उंची सव्वा मिलिमीटर. सोळा अंशाला मोठी झाकणं घुसत नाहीत, अठराला छोटी धरून राहत नाहीत. हे माझं, आणि ते माझ्याकडून कुणी काढून घेऊ नये.

भांडीवाले आलेत ना? आहेत. यांनी पहिले बारा नग ठेवून घेतले होते. त्यातले नऊ परत आले. का? तर मी दिलेले स्क्रू आमच्या घरच्या फळीला पुरणारे होते, आणि लोकांच्या फळ्या आमच्या फळीहून जाड. मी सगळं मोजलं, चौसष्ट झाकणं मोजली, पण दुसऱ्याची फळी मोजली नाही. मग दोन लांब्यांचे स्क्रू द्यायला लागलो. आणि भांडीवाल्यांना म्हटलं, एक नग तुमच्या गल्ल्याशेजारी ठोका, खाली एक घट्ट बरणी ठेवा. येणारा प्रत्येक जण आधी हातानं प्रयत्न करायचा, लाल व्हायचा, मग उघडणीत घालायचा. कुणालाही शब्दानं पटवावं लागलं नाही. दोन वर्षांत शेड झाली, सहा माणसं झाली. मामा छापखाना सोडून ड्रिलवर उभे राहिले. धंदा कसा उभा राहतो असं नवीन मुलं मला विचारतात तेव्हा मी सांगतो, परत आलेले नऊ नग खोक्यातून काढून समोर मांडून बसा.

ड्रिलवर कशासाठी, तर फळीला बसवायच्या स्क्रूची दोन भोकं पाडायला. त्यासाठी मी एक जिग बनवून दिली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पत्रा जिच्यात अडकवला की भोक दर वेळी एकाच जागी पडतं, ती चौकट. भोक कडेपासून बारा मिलिमीटरवर. बारा का? बाराच का असं काही नाही, साडेअकरा चाललं असतं, तेरा चाललं असतं. स्क्रूला काय फरक पडतो? हे लक्षात ठेवा. मी कोन रोज तपासतो, दात रोज तपासतो. भोक मी कधी तपासलं नाही. भोकाला काय तपासायचं, असं मला वाटायचं.

आणि मामांची एक सवय. प्रत्येक हत्याराला दोरीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. कधी धार लावली, काय बदललं, तारीख. छापखान्यात लागलेली सवय. मला ती बरी वाटायची. नंतर वाटेनाशी झाली.

साडेतीन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात आमचा गाळा होता. एक गृहस्थ आले. मऊ बूट, मऊ आवाज. एकच प्रश्न तीन वेळा, शब्द बदलून विचारला, दात कसे पाडता? किंमत मात्र विचारली नाही. किंमत न विचारणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात पाहिलेलं नाही. ते गेले, आणि माझ्या डोक्यात बसलं की हे आता आतून माहिती काढणार. आमच्याच कुणाकडून तरी.

मग मी एक सापळा रचला. मला त्याचा फार अभिमान होता. आमच्याकडे नकाशा चौघांजवळ असायचा. डायवाले, वेल्डिंगवाला, पॅकिंगच्या बाई, कारण सूचनापत्रकावर चित्र छापावं लागतं, आणि मामा. मी चार नवे नकाशे स्वतः काढले. सगळे सारखे, फक्त भोकाचं अंतर वेगळं. डायवाल्यांना अकरा, वेल्डिंगवाल्याला साडेअकरा, पॅकिंगच्या बाईंना तेरा, मामांना साडेबारा. खरं बारा कुणालाच नाही. हेतू असा की नक्कल बाजारात आली की भोक मोजायचं, आणि ज्याचा आकडा निघेल तो माणूस. "जुने नकाशे मळलेत, हे घ्या," म्हणून वाटले. चौघांनीही निमूट घेतले. त्यांच्या निमूटपणाचाही मला संशय आला.

सहा महिन्यांनी भांडीवाल्यांचा फोन. "शेठ, तुम्ही खोकं बदललंत का? निळं केलंत?"

मी म्हटलं, "आमचं खोकं पिवळं आहे."

"मग या बघायला."

गेलो. निळ्या खोक्यात आमचीच उघडणी. दाताचा झुकावसुद्धा तोच. विकत घेतली, घरी आणली, खिडकीपाशी उजेडात धरली आणि भोक मोजलं. साडेबारा. पुन्हा मोजलं. साडेबारा. व्हर्निअर पुसला, शून्य तपासलं, तिसऱ्यांदा मोजलं. साडेबारा.

पत्नी मागे उभी होती. "काय आलं?" तिनं विचारलं.

"तुझ्या भावाचा आकडा आला."

ती म्हणाली, "आकडा बरोबर असेल. तुम्ही कधी चुकीचं मोजत नाही. पण माणूस चुकलाय तुमचा."

"पुरावा समोर आहे."

"पुरावा तुमच्या समोर आहे. भाऊ माझ्या समोर वाढलाय."

त्यानंतर आमच्या घरात हा विषय बंद झाला, आणि बंद विषय घरात किती जागा अडवतो हे ज्याच्या घरात असा विषय आहे त्यालाच विचारा.

मामांना कामावरून काढलं का? नाही. घरातला माणूस, आणि खरं सांगायचं तर ड्रिलवर तसा स्थिर हात दुसरा नाही. पण मालाच्या खोलीची किल्ली मी काढून घेतली. त्यांचं टेबल माझ्या काचेसमोर हलवलं. संध्याकाळी जाताना सगळ्यांच्या पिशव्या बघायचा नियम केला, सगळ्यांच्या म्हणजे त्यांच्या. तिसऱ्या दिवसापासून मामा दारापाशी आले की मी मागायच्या आत पिशवी उघडून धरायचे. मला वाटायचं, बघा, किती तयारीचा माणूस आहे. लवकर आले की मी म्हणायचो, लवकर का? उशिरा थांबले की, कशासाठी? हत्याराला चिठ्ठी बांधताना दिसले की, ही टिपणं कुणासाठी चालली आहेत? एकदा जेवणाच्या सुटीत ते गाणं गुणगुणत होते. मी मनात म्हटलं, पैसे पोचलेले दिसतात.

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. याच सभागृहात, याच माइकवरून, दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक मेळाव्यात मी म्हणालो, "आपल्यातच एक जण आहे जो घरचं खाऊन बाहेर सांगतो." नाव घेतलं नाही. पण म्हणताना कुठे पाहिलं ते सगळ्यांनी पाहिलं. नंतर दुकानदारांना एकेकट्याला सांगितलं. डायवाल्यांना सांगितलं. काम करताना माझा हात थरथरत नाही. बदनामी करतानाही थरथरला नाही.

मामांचं ड्रिल चालू राहिलं.

गेल्या महिन्यात ते माझ्या टेबलाशी आले. "भाऊजी, महिनाअखेर मी काम सोडतो."

"कुठे चाललास?"

"कुठे नाही. स्वतःचं बघतो. एक वस्तू सुचलीय."

सुचलीय म्हटल्यावर माझे कान टवकारले. काय सुचलं, तर काठीची पकड. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत मामा आईचा नंबर यायची वाट बघत बसले होते. तिथे म्हातारी मंडळी काठी भिंतीला टेकवायची, काठी घसरून पडायची. कुणीतरी वाकून द्यायची, पुन्हा पडायची. मामा म्हणाले, "पाच वेळा मी उठून उचलून दिली. सहाव्यांदा बसलोच नाही, आईला नंबर धरायला सांगून बाहेर आलो आणि रस्त्यावर तार शोधली." काठीला अडकवायची, रबर लावलेली पोलादी पकड. टेबलाच्या कडेला, खुर्चीच्या हाताला लावली की काठी उभी राहते.

मी नमुना मागून घेतला. घरी नेला. खोटं कशाला सांगू, त्यात माझे सतरा अंश आहेत का ते मोजलं. नाहीत. त्यांनी सतरा अंश टाळलेत का तेही पाहिलं. टाळलेलेही नाहीत, तिथे कोनच नाही. तरी मला समाधान झालं नाही. म्हटलं, जाणारा माणूस काहीतरी घेऊन जातोच. म्हणून मी म्हणालो, प्रत्येक हत्यार माझ्या हातात मोजून दे.

गेल्या मंगळवारी दुपारी आम्ही दोघं बसलो. ते एकेक वस्तू ठेवत होते, मी यादीवर खूण करत होतो. चौदावी वस्तू ती जिग. तिलाही चिठ्ठी. मी नुसती खूण करून पुढे जाणार होतो. पण वाचायची सवय. चिठ्ठीवर साडेतीन वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि खाली मामांच्या बारीक अक्षरात, "भाऊजींच्या नव्या नकाशाप्रमाणे बाराचं साडेबारा केलं. पिन सरकवली."

मी दोनदा वाचलं. मग विचारलं, "हे काय आहे?"

"पिन सरकवली."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच नकाशा दिलात की. साडेबारा लिहिलं होतं."

आता ज्यांना पत्र्याशी, भोकाशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. मला वाटत होतं की खोटे आकडे फक्त चार कागदांवर आहेत, आणि माल माझ्या जिगवर, बारावर, निघतोय. पण भोकं पाडणारा माणूस एकच होता, आणि त्यानं मालकाचा नवा नकाशा मिळाल्याच्या दिवशीच जिग बदलली. म्हणजे त्या दिवसापासून आमच्याकडून बाहेर पडलेल्या प्रत्येक नगाचं भोक साडेबारावर. निळ्या खोकेवाल्यांना आतून कुणी काही दिलं नाही. त्यांनी दुकानातून एक नग घेतला आणि मोजला. कुणीही घेतला असता तरी साडेबाराच आलं असतं. माझा सापळा असा होता की त्यात फक्त सांगितल्याप्रमाणे काम करणारा सापडणार.

लगेच विश्वास बसला का? नाही. मी चिठ्ठी खिडकीपाशी नेली, शाई जुनी आहे का पाहिलं. दोरी नखानं खरवडून पाहिली, तिच्यात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं होतं. मालाच्या खोलीत जाऊन दहा खोकी फोडली. दहाही साडेबारा. भांडीवाल्यांकडे मागच्या रांगेत पडून राहिलेला एक जुना नग होता, सापळ्याच्या आधीचा. तो बारा. घरी फळीखाली वाकून आमचा स्वतःचा मोजला. बारा. पत्नीनं विचारलं, "आता काय शोधताय?" मी सांगितलं. तिनं बरणी घेतली आणि उघडणीत घातली, म्हणजे मला तिथून बाजूला व्हावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मामांना विचारलं, "आकडा बदललेला दिसला तर मला विचारलं का नाहीस?"

ते म्हणाले, "फार पूर्वी एकदा विचारलं होतं. दाताच्या उंचीबद्दल. तुम्ही म्हणालात, नकाशा वाचता येतो ना? तेव्हापासून वाचतो."

"आणि मी तुझ्यावर संशय घेतोय हे कळत नव्हतं?"

"पिशवी उघडून दाखवत होतो, भाऊजी. कळायला आणखी काय लागतं?"

"मग एकदा तरी म्हणायचं, मी नाही दिला म्हणून."

"तुम्ही विचारलं असतं तर म्हटलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत. मोजलंत."

मी त्यांना थांबायला सांगितलं. किल्ली परत दिली, टेबल जुन्या जागी नेतो म्हटलं. मामांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "थांबलो असतो. पण काठ्या पडतायत." हा माणूस विनोद करतो हे मला अठरा वर्षांत कळलं नव्हतं. की तो विनोद नव्हता, तेही मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

म्हणून आज, ज्या माइकवरून मी ते बोललो होतो त्याच माइकवरून, नाव घेऊन, किंवा मामांना सगळे मामाच म्हणतात म्हणून बोट दाखवून सांगतो. या माणसानं आमचा नकाशा कुणालाही दिला नाही. एक कागद नाही, एक आकडा नाही. मी जे बोललो ते चुकीचं होतं, दुकानदारांना एकेकट्याला सांगितलं तेही चुकीचं होतं. मागच्या त्या तिघांतले एक गृहस्थ मोबाईलवर रेकॉर्ड करतायत. एरवी मी बंद करायला लावलं असतं. आज करा. आणि कृपा करून ज्यांना दाखवता येईल त्यांना दाखवा.

डायवाले, आता तुम्ही. हात वर नको. हातानं मला काही समजत नाही, तारीख सांगा. काय म्हणाले? पंधरा दिवस. माइकवर सांगतो म्हणजे लिहिल्यासारखं होईल. मामांचा साचा डायवाले पंधरा दिवसांत देतायत. आणि मामा, तुम्हाला, आज मी तुम्हाला अहोजाहो करणार आहे, एकच सांगायचं. साचा हातात आला की मोजून घ्या. डायवाल्यांवर संशय म्हणून नाही. बरं, थोडा संशय म्हणूनच. पण मोजायच्या आधी त्यांना विचारा. हे मला अलीकडेच समजलंय.

अध्यक्षमहाराजांनी वेळेकडे दुर्लक्ष केलं, पाहुण्या बाईंनी माझं शाळेबद्दलचं बोलणं हसून घेतलं, सहकाऱ्यांनी माझ्यापासून चार आठवडे लपवून हा समारंभ उभा केला. त्या चार आठवड्यांत मला तुमचाही संशय आला होता, तोही मागे घेतो. सर्वांचा ऋणी आहे. माझ्या पत्नीनं तीन वर्षं एकाच घरात माझ्याशी आणि भावाशी दोघांशीही नातं टिकवलं, तिचे आभार मानायला मला शब्द मोजावे लागतील, म्हणून मानत नाही. भाषणात काही कमीजास्त गेलं असेल तर आपण सगळ्यांनी पोटात घालावं. मामांची मी क्षमा मागितली आहे. ते "असू द्या" म्हणाले. त्याचा अर्थ दिली असा धरावा की नाही, हे मी ठरवायचं नाही, हेही मला आता कळतं.

बसायच्या आधी एक सांगायचं राहतंय. हे मी घरातही बोललेलो नाही. निळं खोकं बाजारात आलं त्याच आठवड्यात त्या कंपनीच्या गोदामातला एक कारकून माझ्याकडे आला होता. म्हणाला, "तुमची वस्तू आमच्याकडे कुठून आली त्याचा कागद माझ्याजवळ आहे, दाखवतो." कागद म्हणजे कुठल्यातरी दुकानातल्या खरेदीची पावती असणार, दुसरं काय असणार. मी त्याला आत बसायलासुद्धा सांगितलं नाही. दारातच म्हणालो, "गरज नाही. कुणी दिलं ते मला माहीत आहे."

त्या कागदाचे तो पाचशे रुपये मागत होता.